घरच्या रियाजासाठी इलेक्ट्रिक गिटार : आधी सेटअप, मग डाख, मग पेडल

इंदुरात नवीन इलेक्ट्रिक गिटार घेतलेल्या मुलामुलींचं पहिल्या महिन्यातलं दुखणं ठरलेलं असतं: व्हिडिओत ऐकलेला आवाज घरी निघत नाही. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं डिस्टॉर्शन पेडल घे, कोणी म्हणतं पिकअप बदल, कोणी सरळ गिटारच विकायला सांगतं. पण हे सल्ले देणारे ज्या वस्तूंची नावं घेतात, त्यांतल्या बऱ्याचशा स्टेजवरच्या, कान फाटेस्तोवर वाजणाऱ्या ॲम्पसाठी नावाजलेल्या असतात. आपण वाजवणार सुदामानगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, भिंतीपलीकडे आजोबा झोपलेले असताना. घरातला आवाज लहान असतो. तो लहान आहे हे धरून चाललं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे बरंचसं आपोआप ठरतं.

माझा क्रम असा: आधी गिटारची जुळणी, मग घरघर कमी करणं, मग वाटलंच तर गिटारमधले बदल, आणि पेडल सगळ्यात शेवटी.

पायरी १ : तारा, मान, ॲक्शन, इंटोनेशन

स्वस्त गिटार वाईट वाजते ती पुष्कळदा जुळणी झालेली नसते म्हणून. कारखाना, जहाज, गोदाम, ट्रक असा प्रवास करत ती मालव्यात पोचते तेव्हा तिच्या लाकडाने दोन-तीन हवामानं पाहिलेली असतात. दुकानातून आणल्या आणल्या ती नीट असेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

तारांपासून सुरुवात करा. नव्या बोटांना ९-४२ चा संच बरा. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागातले: सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२. स्ट्रॅटोकास्टर-टेलिकास्टर जातीच्या गिटारमध्ये नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (शरीरावर तारा टेकतात तो भाग) तारेची वाजती लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिमी असते. लेस पॉल जातीत २४.७५ इंच, साधारण ६२९ मिमी. लांबी कमी म्हणजे त्याच सुरात तार सैल, म्हणून लेस पॉल जातीवर १०-४६ सुद्धा बोटांना जड जात नाही. तारांचा नंबर आधी पक्का करा. नंबर बदलला की मानेवरचा ताण बदलतो आणि पुढची सगळी जुळणी नव्याने करावी लागते.

खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात. सात-आठ वेढे गुंडाळले की तार दर पाच मिनिटांनी उतरते आणि दोष खुंट्यांना जातो. तार चढवल्यावर ती हलकेच वर ओढून पुन्हा सुरात घ्या. असं चार-पाचदा केलं की ती स्थिरावते. आणि वाजवून झाल्यावर जुन्या सुती साडीच्या तुकड्याने पुसा. घामाच्या हातांना याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

आता मान. गिटारची मान अगदी सपाट नको. तार थरथरायला जागा मिळावी म्हणून ती किंचित पुढे वाकलेली हवी. हा वाक असा मोजा. गिटार सुरात असू द्या. जाड तार डाव्या हाताने पहिल्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबा, उजव्या हाताने शेवटच्या फ्रेटवर. (तीन हात लागतात असं वाटेल, पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की काम सोपं.) दोन टोकांना दाबलेली तार म्हणजे सरळ पट्टीच झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट दिसते ते बघा. ०.२ ते ०.३ मिमी हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसला तर झेरॉक्सचा साधा कागद घ्या, तो साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. दोन पदर केलेला कागद सुळकन गेला आणि चार पदरी अडकला, तर मान ठीक आहे.

फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा, म्हणजे मानेच्या आतल्या धातूच्या दांड्याचा, नट घड्याळाच्या दिशेने, म्हणजे घट्ट करायचा. अजिबात फट नसेल आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तार खरखरत असेल तर उलट, सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. घट्ट करताना तारा आधी सैल करा, मग पुन्हा सुरात आणून मोजा. नट फिरायलाच तयार नसेल तर जोर लावू नका. ट्रस रॉड तुटला की गिटारच्या किमतीइतकं दुरुस्तीचं बिल येतं. ॲलन की बहुतेक गिटारसोबत येते. हरवली असेल तर सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात इंची आणि मिलिमीटर असे दोन्ही संच मिळतील. नटमध्ये ढिली बसणारी की वापरू नका, कोपरे घासले जातात.

ॲक्शन म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची. स्टीलच्या पट्टीने बाराव्या फ्रेटवर मोजा: बारीक तारेला १.५ मिमीच्या आसपास, जाड तारेला २ मिमी. ती ब्रिजवरच्या सॅडलच्या (प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या तुकड्याच्या) छोट्या स्क्रूंनी कमी-जास्त होते. घरी हळू आवाजात वाजवणाऱ्याचा हात सहसा हलका असतो, त्यामुळे ॲक्शन थोडी खाली चालते. जोरात घाव घालणाऱ्याला वर ठेवावी लागते. ॲम्प बंद असताना ऐकू येणारी किंचित खरखर ॲम्पमधून येत नसेल तर तिकडे दुर्लक्ष करा.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर कुठेही दाबली तरी तार सुरात लागणं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, ट्यूनरवर सूर बघा. मग तीच तार तिथेच दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा लागला तर सॅडल मागे सरकवा, म्हणजे तार लांब करा. उतरा लागला तर पुढे. सहाही तारा एक एक करून. क्रम मात्र मोडू नका: मान, मग ॲक्शन, मग इंटोनेशन. उलट्या क्रमाने केलं तर आधीचं काम वाया जातं.

तार चढवताना मानेच्या टोकाच्या नटपाशी ‘टक्’ असा आवाज येत असेल तर खाचेत शिसपेन्सिलीचं टोक घासा. ग्राफाइट हे उत्तम वंगण आहे. आणि हलता ब्रिज असलेली गिटार असेल तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगांचे दोन मोठे स्क्रू घट्ट करा, म्हणजे ब्रिज शरीराला टेकून बसेल. फ्लॉइड रोज जातीचा तरंगता ब्रिज नवशिक्याने घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर, आणि निम्मी संध्याकाळ जुळवण्यात जाते.

कूलरचा प्रश्न

हे व्हिडिओत कोणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे कूलर नसतो. इंदूरच्या मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटाला टोचू लागतात. त्याच खोलीत कूलर लावला की त्याच्या झोतातली हवा ओलीचिंब. गिटार स्टँडवर, कूलरच्या समोर, ही सगळ्यात वाईट जागा: तारा गंजतात, मान रोज वेगळी वागते. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर टांगणं तितकंच वाईट. ती बॅगेत घालून आतल्या भिंतीला टेकवून ठेवा. पावसाळा लागला की बहुतेक माना थोड्या पुढे वाकतात आणि ॲक्शन वर आल्यासारखी वाटते, तेव्हा मानेची कागदी मोजणी जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा करून टाका.

पायरी २ : घरघर कुठून येते ते शोधा

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. तो तारांची थरथर पकडतो तशी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घुंघुंही पकडतो. यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोडगा काढला: दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडायच्या, म्हणजे बाहेरून आलेली घुंघुं कटते आणि तारांचा आवाज टिकतो. तोच हंबकर. तुमच्या गिटारला तीन सिंगल कॉइल असतील तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी घुंघुं कमी होते का बघा. बऱ्याच गिटारमध्ये मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला असतो.

पेडल किंवा नॉइज गेट (वाजवत नसताना घरघर बंद करणारं यंत्र) घेण्याआधी खोलीत एक फेरी मारा. ॲम्प चालू ठेवा आणि एकेक वस्तू बंद करत जा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर हा पहिला संशयित: पंखा पूर्ण वेगावर नेला की चिरचिर बरीच कमी होते. स्वस्त एलईडी बल्ब दुसरा. लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर वाजवून बघा, गिटारमध्ये मधमाश्या शिरल्यासारख्या वाटतील. लॅपटॉपवर वाजवत असाल तर चार्जर काढून ऐका. मग स्वतः गिटारसकट जागेवर गोल फिरा. एका कोनात घुंघुं निम्म्याने उतरते, खुर्ची त्याच दिशेने मांडा.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर गिटारची जोडणी ठीक आहे. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ताबडतोब प्लग काढा. जुनी इंदूर, मल्हारगंज भागातल्या कित्येक जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण अर्थिंगची तार मागे कुठेच गेलेली नसते. तिथे आधी इलेक्ट्रिशियन, मग गिटार.

पायरी ३ : डाख (सोल्डरिंग) द्यायचा असेल तर

रंग बदलणं, पिकगार्ड बदलणं, नवे नॉब लावणं, हे हौसेचं काम आहे, जरूर करा. आवाजाशी त्याचा संबंध नाही. नवी गिटार सँडपेपरने घासून जुनी दाखवणं मला आजवर कळलेलं नाही.

आवाज बदलायचा तर पहिला बदल फुकटचा: पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून पिकअप आणि तार यांच्यातलं अंतर मोजा. बारीक बाजूला २ मिमी, जाड बाजूला अडीचच्या आसपास ठेवून ऐका. सिंगल कॉइल फार वर असले तर त्यांचं चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो. खाली केले की आवाज मोकळा होतो. हा अर्ध्या तासाचा खेळ करून बघितल्याशिवाय नव्या पिकअपवर पैसे घालू नका.

दुसरा बदल पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या आतल्या भागाचा. सिंगल कॉइलला २५० के, हंबकरला ५०० के ही रूढ जोडी. जेल रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नेमका ५०० के नसला तर ४७० के घ्या. या भागांत वीस टक्क्यांचा फरक धरलेलाच असतो, त्यामुळे कानाला कळणार नाही. व्हॉल्यूमसाठी ‘ए’ छापाचा, म्हणजे ऑडिओ टेपरचा पॉट मागा. ‘बी’ म्हणजे लिनियर, तो नॉब थोडा खाली आणला तरी आवाज फारसा उतरत नाही आणि शेवटी एकदम गुडुप होतो. दुकानदार ‘भिया, सब सेम है’ म्हणेल. सेम नसतं. जुना पॉट खिशात घालून न्या आणि दांड्याची जाडी व भोकाचा आकार जुळवून घ्या, नाहीतर घरी येऊन शरीराला ड्रिल मारायची वेळ येते.

आता प्रत्यक्ष डाख. २५ वॅटचं आयर्न जॅक आणि स्विचच्या पिनांना पुरतं. पॉटच्या पाठीवर अर्थची तार जोडायला ४० ते ६० वॅट हवं, कारण ते धातूचं झाकण उष्णता शोषून घेतं. सुरू करण्याआधी सगळ्या जोडण्यांचे मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. पॉटची पाठ सँडपेपरने जरा खरवडा. आधी पाठीला कथिल लावा, मग तारेच्या टोकाला, आणि मग दोन्ही एकत्र आणून तापवा. कथिल पाण्यासारखं पसरलं आणि थंड झाल्यावर चकाकलं तर जोड पक्का. मळकट गोळी बसली असेल तर ती जोड महिन्याभरात सुटेल, पुन्हा तापवा. खिडकी उघडी ठेवा, राळेचा धूर नाकात जाऊ देऊ नका.

हंबकरच्या चार तारांचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. सेमूर डंकनमध्ये काळी तार आवाजाची. डिमार्झिओत लाल आवाजाची आणि काळी भलत्याच कामाची. त्या त्या कंपनीचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय हात घालू नका. झाकण बंद करण्याआधी केबल जोडून ॲम्प अगदी हळू ठेवा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपला टिचकी मारा. स्विचच्या ज्या जागी जो पिकअप असायला हवा त्याचाच ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. दोन पिकअप एकत्र केल्यावर आवाज अचानक पातळ, नाकात बोलल्यासारखा आला तर एका पिकअपची जोडणी उलटी झाली आहे; त्याच्या आवाजाची आणि अर्थची तार आपसात बदला.

पायरी ४ : आवाज बाहेर कुठून काढणार

पेडल निवडण्याआधी हे ठरवायला हवं, कारण इथेच नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत होते. गिटारच्या स्पीकरमधून पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही येतच नाही. डिस्टॉर्शन पेडलचा कर्कश भाग तो स्पीकरच गाळून टाकतो. तेच पेडल थेट होम थिएटरला किंवा साउंड कार्डाला जोडलं की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो, आणि बिचारं पेडल बदनाम होतं. म्हणून हेडफोनवर वाजवायचं असेल तर साखळीत कुठेतरी स्पीकर कॅबिनेटची नक्कल, म्हणजे कॅब सिम्युलेशन, हवंच. सुट्या पेडलला हेडफोन थेट जोडून भागत नाही.

घरासाठी तीन वाटा: व्हॉक्स ॲमप्लगसारखं गिटारमध्ये थेट खोचायचं यंत्र आणि हेडफोन; छोटा मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पची डिजिटल नक्कल करणारा; किंवा हेडफोनचं भोक असलेलं मल्टी-इफेक्ट, म्हणजे एकाच डब्यात अनेक पेडल. मोठा ॲम्पच घ्यायचा असेल तर वॅट कमी करता येणारा बघा. बॉस कटाना ५० मध्ये अर्ध्या वॅटची सोय आहे आणि घरात तेवढं भरपूर होतं. ॲम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर ठेवा. खर्जाचा आवाज फरशीतून खाली उतरतो आणि खालच्या काकू वर येतात.

ब्लूटूथ हेडफोन मात्र चालत नाहीत. तार छेडल्यावर आवाज कानात यायला शे-दोनशे मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात लय हातातून सुटते. तारेचेच घ्या.

पायरी ५ : पेडल

पहिल्या वर्षासाठी मी सुट्या पेडलऐवजी लहान मल्टी-इफेक्ट सुचवेन: झूम, बॉस, व्हॅलेटन, न्यूक्स यांपैकी बजेटमध्ये बसेल ते. सुट्या पेडलची मजा मला कळते; खाली वाकून खरा नॉब फिरवण्यात जे आहे ते स्क्रीनवर नाही. पण ट्यूनर, ताल, कॅब सिम्युलेशन आणि हेडफोन एकाच डब्यात मिळतात, बऱ्याच मॉडेलमध्ये लूपरही (वाजवलेला तुकडा भरून पुन्हा पुन्हा ऐकवणारा) असतो, आणि तीन-चार महिन्यांनी कळतं की शंभर इफेक्टपैकी आपण वापरतो तीनच. त्या तिघांतलं जे सगळ्यात आवडलं त्याचं सुटं पेडल मग घ्या.

सुटं घेणार असाल तर पहिलं एक ओव्हरड्राइव्ह किंवा डिस्टॉर्शन. इथे घरच्या आवाजाचा नियम लक्षात ठेवा. आयबानेझ ट्यूब स्क्रीमर हे पेडल मधले सूर पुढे आणतं आणि आधीच तापलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पला ढकलण्यात त्याची खरी करामत आहे. हळू आवाजातल्या स्वच्छ ट्रान्झिस्टर ॲम्पपुढे ते एकटं जरा मिळमिळीत वाटतं. उलट १९७८ पासून चालत आलेली बॉस डीएस-१ आणि प्रोको रॅट ही पेडल आवाज स्वतःच्या आतच कुरतडतात, त्यामुळे लहान ॲम्पवरही भागतं. गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) मात्र तुम्हाला वाटतो त्याच्या निम्म्यावर ठेवा. जास्त गेनखाली चुकलेली बोटं झाकली जातात, आणि रियाजात ती ऐकू यायला हवीत.

दुसरं लूपर. दोन ओळींची कॉर्डची साथ भरून त्यावर तासभर फिरत राहा; एकट्याने वाजवणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी पेडल नाही. घरात तंबोऱ्याचं ॲप असेल तर तेही लावा: पांढरी तीनचा षड्ज म्हणजे ‘ई’, गिटारची खुली सहावी तार. त्यावर बेंड केलेला सूर किती कमी-जास्त आहे ते ट्यूनर न बघता कानाला कळतं.

तिसरं डिले (प्रतिध्वनी) किंवा रिव्हर्ब (मोठ्या दालनासारखी घुमारी). डिले लयीत बसवायला ६०,००० ला मिनिटाच्या मात्रांनी भागा: १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. कॉम्प्रेसर, फेझर, कोरस नंतर. ट्यूनर पेडलची घरी गरज नाही, क्लिपवाला पुरे.

साखळीचा रूढ क्रम: वाह, ओव्हरड्राइव्ह, कोरस-फेझर, डिले, रिव्हर्ब. जुन्या धाटणीचं फझ असेल तर ते सगळ्यांच्या आधी, गिटारला थेट. ट्रू बायपास की बफर (बंद पेडलमधून आवाज सरळ जावा की आतल्या सर्किटमधून), या वादात तीन मीटरची एकच केबल वापरणाऱ्याने पडू नये.

वीजपुरवठ्याकडे नीट लक्ष द्या. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, मधली पिन ऋण, असा अडॅप्टर लागतो. वायफाय राउटरचा अडॅप्टर त्याच भोकात बसतो, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मधली पिन धन असा असतो. बसतो म्हणून लावला की पेडल जळू शकतं. अडॅप्टरवरचं वर्तुळाचं चिन्ह वाचा, मिलिॲम्पिअरची बेरीज करा, आणि डिजिटल पेडल जास्त झाली की वेगवेगळे आउटपुट असलेला पुरवठा घ्या. बॅटरीवर वाजवत असाल तर रात्री इनपुटची केबल काढून ठेवा. ती खोचलेली असेल तोवर बॅटरी उतरत राहते.

आवाज लावताना एक गोष्ट: हळू आवाजात कानाला खर्ज आणि अतितार दोन्ही कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणून घरी छान लागलेलं सेटिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये धबधबतं आणि गिटार ड्रमच्या मागे हरवते. घरासाठी एक आणि बाहेरसाठी एक अशी दोन सेटिंग ठेवा. बाहेरच्यात बास कमी, मिड जास्त.

जुनं पेडल घेत असाल तर पैसे देण्याआधी स्वतःच्या गिटारने वाजवून बघा. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते, पण भाव करायला कारण मिळतं. जॅक हलवून आवाज तुटतो का, पायाचा स्विच दहा-बारा वेळा दाबून प्रत्येक वेळी लागतो का, ते तपासा. बॅटरीचं झाकण उघडा. आत हिरवट-पांढरा थर दिसला तर ती ओल कुठवर गेली असेल सांगता येत नाही, असं पेडल ठेवून या. मल्टी-इफेक्ट असेल तर विकणाऱ्यासमोर फॅक्टरी रीसेट करा, आणि सोबत त्याचा मूळ अडॅप्टर मागून घ्या.